कच्चे काम, पक्के काम

आपण संगणकात पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि अभ्यास साठवून ठेवतो. ही माहिती डिस्कवर कशी राहते, ती कशी बिघडते आणि अर्धवट तयार झालेली ऑपरेटिंग सिस्टीम वापरल्यास काय होऊ शकते, हे या पाठात सांगितले आहे. २०२१ साली घडलेली एक खरी घटनाही तुम्हांला या पाठात वाचायला मिळेल.

मुलांनो, तुमची गणिताची वही जरा उघडून पाहा. पुढच्या पानांवर तुम्ही उदाहरणे सुवाच्य अक्षरांत सोडवली आहेत. शिक्षकांनी ती तपासून सही केली आहे. आता वहीची शेवटची पाने पाहा. तिथे घाईघाईने केलेल्या बेरजा आहेत, वजाबाक्या आहेत आणि पुष्कळ खाडाखोड आहे. त्या पानांना आपण ‘कच्चे काम’ म्हणतो. कच्चे काम करणे वाईट नाही. कच्चे काम केल्याशिवाय पक्के काम बरोबर येत नाही. मात्र कच्च्या कामाची जागा ठरलेली असावी लागते.

समजा, तुमची वही शंभर पानांची आहे. एक्याण्णव ते शंभर ही दहा पाने तुम्ही कच्च्या कामासाठी ठेवली आहेत. तुम्ही धाकट्या भावाला सांगितले, “कच्च्या कामाच्या तिसऱ्या पानावर ही बेरीज लिही.” त्याने वहीचे त्र्याण्णवावे पान उघडायला हवे होते. पण तो ‘कच्च्या कामाच्या’ हे शब्द विसरला. त्याच्या लक्षात ‘तिसरे पान’ एवढेच राहिले. त्याने वहीचे तिसरे पान उघडले आणि तुमच्या सुंदर अक्षरांवर पेनाने बेरीज लिहून टाकली!

चूक केवढीशी? नव्वद हा आकडा मिळवायचा राहिला, एवढीच. पण नुकसान केवढे मोठे! तुमचे पक्के काम गेले. ते पुन्हा वाचता येणार नाही.

२०२१ साली अगदी अशीच चूक लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये झाली. तिची हकीकत ऐकण्यापूर्वी संगणक माहिती कशी साठवतो, ते थोडे समजून घेऊ.

संगणकाची डिस्क म्हणजे एक प्रचंड मोठी वही आहे, असे समजा. या वहीची पाने अगदी लहान असतात. अशा एका पानाला ‘ब्लॉक’ म्हणतात. पुष्कळ संगणकांत एक ब्लॉक ४०९६ बाइटचा असतो. इंग्रजीचे एक अक्षर लिहायला एक बाइट पुरतो. आजकाल सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत उर्दूच्या एका अक्षराला दोन बाइट लागतात, तर मराठीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. तुम्ही दहा हजार बाइटचा निबंध लिहिला, तर तो एका ब्लॉकमध्ये मावणार नाही. त्याला तीन ब्लॉक लागतील. हे तीन ब्लॉक डिस्कवर एकमेकांच्या शेजारी असतीलच असे नाही. एक इथे, दुसरा तिथे आणि तिसरा आणखी कुठे तरी, असेही होऊ शकते.

मग निबंध उघडताना संगणकाला त्याचे तुकडे कसे सापडतात? त्यासाठी डिस्कवर एक अनुक्रमणिका ठेवलेली असते. फाइलचे नाव काय, ती केवढी आहे, ती केव्हा बदलली, तिचे तुकडे कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहेत, या सगळ्यांची नोंद तिथे असते. कोणते ब्लॉक रिकामे आहेत, याचीही यादी असते. या सगळ्या व्यवस्थेला ‘फाइल सिस्टीम’ म्हणतात.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. ग्रंथपालांच्या टेबलावर एक मोठी नोंदवही असते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे, हे त्या नोंदवहीत लिहिलेले असते. आता कल्पना करा, ही नोंदवही फाटली. पुस्तके कपाटातच आहेत. पण हवे ते पुस्तक सापडत नाही. किंवा नोंदवहीत दोन निरनिराळ्या पुस्तकांपुढे एकाच खणाचा क्रमांक लिहिला गेला. मग एक पुस्तक ठेवताना दुसरे बाहेर फेकले जाईल. फाइल सिस्टीम बिघडते, म्हणजे असेच काही तरी होते. कधी अनुक्रमणिका चुकते. कधी दोन फाइली एकाच ब्लॉकवर हक्क सांगतात. कधी एका फाइलच्या मजकुरावर भलताच मजकूर लिहिला जातो.

यातली सर्वांत वाईट गोष्ट कोणती, ठाऊक आहे? हा बिघाड पुष्कळदा आवाज करत नाही. पंखा बिघडला, तर तो थांबतो. दिवा गेला, तर अंधार होतो. फाइल सिस्टीम बिघडली, तरी संगणक काही काळ नेहमीसारखा चालू राहतो. एखाद्या दिवशी तुम्ही जुने छायाचित्र उघडायला जाता, तेव्हा ते उघडत नाही. त्या वेळी फार उशीर झालेला असतो.

आता लिनक्सकडे वळू या. संगणकाची सर्व यंत्रे चालवणारी, डिस्कवर लिहिणारी आणि डिस्कवरून वाचणारी मुख्य आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी राहत होता. १९९१ साली, एकवीस वर्षांचा असताना, त्याने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला सुरुवात केली. पुढे तिला ‘लिनक्स’ हे नाव मिळाले. तिच्या मध्यभागी असलेल्या भागाला ‘कर्नल’ म्हणतात. आज जगभर हजारो लोक मिळून हे कर्नल लिहितात. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचेच कर्नल असते. २०१७ पासून जगातील पहिले पाचशे महासंगणकही लिनक्सवर चालतात.

लिनक्सच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गंमत सांगतो. १९९१ च्या अखेरीस टोरवाल्ड्सला घरच्या संगणकावरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करायची होती. टेलिफोन लावण्याच्या आज्ञा मोडेम या यंत्राकडे पाठवायच्या होत्या. त्याने चुकून त्या आज्ञा स्वतःच्या डिस्ककडे पाठवल्या! संगणकाने मुकाट्याने त्या डिस्कवर लिहून टाकल्या. डिस्कच्या त्या भागावर मिनिक्स नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती निकामी झाली. तेव्हा त्याने मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी आपल्या लिनक्सवरच काम करायचे ठरवले. पाहा, इतक्या हुशार माणसाच्या हातूनही डिस्क पुसली जाऊ शकते.

लिनक्सचे काम कधीच संपत नाही. नवी यंत्रे येतात, जुन्या चुका सापडतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. म्हणून तिच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात. पूर्वी आवृत्तीच्या क्रमांकावरूनच ती कच्ची की पक्की, हे कळत असे. क्रमांकातला दुसरा आकडा सम असेल, तर ती आवृत्ती पक्की. उदाहरणार्थ २.२ किंवा २.४. तो आकडा विषम असेल, तर ती कच्ची. उदाहरणार्थ २.३ किंवा २.५. २००३ साली २.६ ही आवृत्ती आल्यानंतर ही पद्धत मागे पडली.

आता नवी पद्धत अशी आहे. सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी एक पक्की आवृत्ती निघते. त्यांपैकी पहिले दोन आठवडे नवे बदल स्वीकारले जातात. मग नवे बदल घेणे बंद होते आणि पहिली कच्ची आवृत्ती बाहेर पडते. तिला ‘आरसी १’ म्हणतात. त्यानंतर साधारणपणे दर रविवारी आरसी २, आरसी ३ अशा कच्च्या आवृत्त्या निघतात. प्रत्येक वेळी चुका शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. सात-आठ फेऱ्यांनंतर पक्की आवृत्ती तयार होते.

तुम्ही विचाराल, “कच्ची आवृत्ती लोकांना द्यायचीच कशाला? घरी बसून सगळे तपासावे आणि मगच द्यावी.” तुमचा प्रश्न योग्य आहे. पण जगात संगणक किती प्रकारचे आहेत! कुणाची डिस्क वेगळी, कुणाचा पडदा वेगळा, कुणाची मांडणी वेगळी. एका खोलीत बसून हे सारे तपासता येत नाही. म्हणून जगभरचे स्वयंसेवक कच्ची आवृत्ती आपल्या संगणकावर चालवून पाहतात. चूक सापडली, की ते लगेच कळवतात. सणासुदीला मोठ्या देगीत स्वयंपाक करताना कुणी तरी आधी चव घेऊन पाहतो ना? तसेच हे आहे. चव घेणाऱ्याचे तोंड कधी भाजते, म्हणून पंगत वाचते.

आता २०२१ ची हकीकत ऐका. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात बर्फाचे मोठे वादळ झाले. टोरवाल्ड्स तेव्हा त्याच राज्यातील पोर्टलंड शहराजवळ राहत होते. वादळामुळे त्यांच्या घरी सहा दिवस वीज नव्हती. त्यामुळे बदल स्वीकारण्याच्या दोन आठवड्यांतले बरेच दिवस वाया गेले. तरीही त्यांनी काम वेळेत संपवले. २८ फेब्रुवारीला, रविवारी, ५.१२ या आवृत्तीची आरसी १ बाहेर पडली.

या आवृत्तीत हजारो बदल होते. त्यांतला एक बदल अगदी साधा दिसत होता. जुनी, गुंतागुंतीची ओळ काढून तिच्या जागी सोपी ओळ लिहायची, एवढाच त्याचा हेतू होता. आपण घर झाडतो, तशी ती साफसफाई होती. कुणालाही त्यात धोका दिसला नाही. पण त्या साफसफाईत एक महत्त्वाचा आकडा बाहेर फेकला गेला.

तो आकडा कोणता, हे कळण्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. संगणकाला काम करायला मेमरी लागते. मेमरी म्हणजे जणू अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर पुस्तके फार झाली, की आपण काही पुस्तके तात्पुरती कपाटात ठेवतो. हवी असतील तेव्हा पुन्हा काढतो. संगणकही असेच करतो. मेमरी भरली, की तिच्यातला काही मजकूर तो तात्पुरता डिस्कवर ठेवतो. डिस्कवरच्या या जागेला ‘स्वॅप’ म्हणतात. स्वॅप म्हणजे संगणकाच्या कच्च्या कामाची पाने.

ही कच्ची पाने दोन प्रकारे ठेवता येतात. पहिला प्रकार म्हणजे कच्च्या कामासाठी वेगळी वहीच करायची. डिस्कचा एक वेगळा विभाग त्यासाठी राखून ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे पक्क्या कामाच्या वहीतच काही पाने राखून ठेवायची. म्हणजे ज्या विभागात आपल्या सर्व फाइली आहेत, त्याच विभागात एक मोठी स्वॅप फाइल तयार करायची.

आता तुमच्या लक्षात आले असेल. दुसऱ्या प्रकारात संगणकाला एक आकडा सतत ध्यानात ठेवावा लागतो. ती स्वॅप फाइल विभागाच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे, तो हा आकडा. आपल्या वहीच्या उदाहरणात तो नव्वद होता. आरसी १ मध्ये हाच आकडा मिळवायचा राहून गेला. कच्च्या कामाचे तिसरे पान म्हणजे वहीचे तिसरे पान, असे कर्नल समजू लागले. संगणकाची मेमरी भरली, की ते तिच्यातला मजकूर स्वॅप फाइलमध्ये न लिहिता डिस्कच्या त्या विभागाच्या सुरुवातीच्या भागावर लिहू लागले. तिथे काय होते? तिथे फाइल सिस्टीमच्या महत्त्वाच्या नोंदी होत्या आणि लोकांच्या फाइली होत्या. त्यांच्यावरच कच्चे काम लिहिले गेले!

इतकी मोठी चूक आधी कुणाला कशी दिसली नाही? याचे उत्तर सोपे आहे. ज्यांची कच्च्या कामाची वही वेगळी होती, त्यांचे काही बिघडले नाही. वेगळ्या वहीत तिसरे पान म्हणजे तिसरेच पान. तिथे मिळवायचा आकडा शून्य असतो. शून्य मिळवला काय आणि न मिळवला काय, उत्तर तेच. शिवाय कर्नल लिहिणाऱ्या अनेकांच्या संगणकांत भरपूर मेमरी होती. त्यांना स्वॅपची गरजच पडत नव्हती. म्हणून त्यांच्या घरी सगळे ठीक चालले. ज्यांच्याकडे स्वॅप फाइल होती, त्यांच्यावर मात्र संकट आले.

चूक सापडली आणि ती दुरुस्त करणारा बदलही लगेच तयार झाला. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. ३ मार्च २०२१ रोजी टोरवाल्ड्स यांनी सर्वांना जाहीर इशारा दिला. त्यांनी चूक लपवली नाही. ‘थोडी अडचण आहे’ असे गोड शब्दांत सांगितले नाही. त्यांनी त्या आवृत्तीचे नावच बदलले. नावाच्या शेवटी त्यांनी ‘डोन्ट यूज’ हे शब्द जोडले. त्यांचा अर्थ ‘वापरू नका’. ज्याला कोणाला ती आवृत्ती घ्यायची असेल, त्याला नाव वाचतानाच धोका कळावा, हा यामागचा हेतू.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावून सांगितली. या आवृत्तीला पाया धरून कुणीही नवे काम सुरू करू नये. का बरे? चूक तर दुरुस्त झाली होती! याचे कारण मोठे मनोरंजक आहे.

कर्नलमध्ये एखादी चूक आढळली, की ती कोणत्या बदलामुळे आली, हे शोधावे लागते. समजा, सोळा हजार बदल आहेत. एकेक बदल तपासत बसले, तर कित्येक महिने जातील. म्हणून लोक एक युक्ती करतात. ते बरोबर मध्यावरचे कर्नल चालवून पाहतात. तिथे चूक नसेल, तर ती पुढच्या अर्ध्या भागात आहे. तिथे चूक असेल, तर ती आधीच्या अर्ध्या भागात आहे. मग त्या अर्ध्याचेही दोन भाग करायचे. सोळा हजारांचे आठ हजार, आठ हजारांचे चार हजार, चार हजारांचे दोन हजार. असे केले, की चौदा वेळांतच दोषी बदल सापडतो. शब्दकोशात शब्द शोधताना तुम्हीही मधले पान उघडता आणि मग पुढे किंवा मागे जाता ना? ही तीच युक्ती.

पण या युक्तीत एक धोका आहे. मध्यावरचे कर्नल कोणते निघेल, हे आधी सांगता येत नाही. समजा, वर्षभरानंतर कुणी एक माणूस दुसरीच एखादी साधी चूक शोधत आहे. त्याला २०२१ ची घटना ठाऊकही नाही. शोधता शोधता तो नेमका त्या सदोष आवृत्तीवर येतो आणि ती आपल्या संगणकावर चालवतो. त्याची डिस्क बिघडते! त्या आवृत्तीच्या पायावर जितके जास्त काम उभे राहील, तितकी अशी शक्यता वाढेल. म्हणून टोरवाल्ड्स यांनी आधीच सावध केले. आपल्या चुकीने आज कुणाचे नुकसान होईल, एवढाच विचार त्यांनी केला नाही. उद्या एखाद्या अनोळखी माणसाचे नुकसान होईल, याचाही विचार केला.

आरसी २ रविवारची वाट न पाहता शुक्रवारी, ५ मार्चलाच, बाहेर पडली. पुढे सर्व फेऱ्या नीट पार पडल्या आणि २५ एप्रिल २०२१ रोजी पक्की ५.१२ आवृत्ती निघाली. पक्की आवृत्ती वापरणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती चूक पोहोचलीच नाही. चव घेणाऱ्यांनी पंगत वाचवली.

मात्र ‘पक्की’ म्हटलेली आवृत्ती नेहमीच निर्दोष असते, असे समजू नका. नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सची २.४.१५ ही आवृत्ती निघाली. क्रमांकाप्रमाणे ती पक्की होती. त्याच वेळी २.५.० ही कच्ची आवृत्तीही निघाली. दोन्हींत एकच दोष होता. काम संपवून डिस्क बंद करताना फाइल सिस्टीम बिघडू शकत होती. त्याच सुमारास टोरवाल्ड्स यांनी २.४ ची जबाबदारी ब्राझील देशातील मार्सेलो तोसात्ती या अठरा वर्षांच्या तरुणाकडे सोपवली होती. तीनच दिवसांत त्याने दुरुस्त केलेली २.४.१६ आवृत्ती काढली. डिसेंबर २०२३ मध्येही असाच प्रसंग आला. डेबियन नावाच्या लिनक्स संचाची १२.३ ही आवृत्ती निघण्याच्या बेतात होती. तिच्या कर्नलमध्ये फाइली बिघडवणारा दोष आढळला. तेव्हा डेबियनच्या लोकांनी ते काम थांबवले आणि दुसऱ्याच दिवशी सुधारलेली १२.४ ही आवृत्ती दिली.

फाइल सिस्टीम बिघडली, तर ती दुरुस्त करता येत नाही का? थोडीफार येते. त्यासाठी तपासणी करणाऱ्या आज्ञावली असतात. त्या सर्व नोंदी ताडून पाहतात. ज्या फाइलींची नावे हरवली आहेत, अशा फाइली त्या एका वेगळ्या जागी गोळा करतात. लिनक्समध्ये त्या जागेचे नाव ‘हरवले आणि सापडले’ या अर्थाचे आहे. रेल्वे स्थानकावर हरवलेल्या वस्तूंची खोली असते, तसेच ते आहे. पण ज्या ब्लॉकवर दुसराच मजकूर लिहिला गेला, तो ब्लॉक मात्र कोणतीही आज्ञावली परत आणू शकत नाही. पुसलेले अक्षर वाचता येईल. पण ज्याच्यावर दुसरे अक्षर गिरवले, ते कसे वाचणार?

म्हणून मुलांनो, चार गोष्टी नेहमी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. महत्त्वाच्या माहितीची नक्कल ठेवा. एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. शक्य असेल, तर आणखी एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मूळ फाइल आणि नक्कल एकाच डिस्कवर असतील, तर डिस्कबरोबर दोन्ही जातील.

दुसरी गोष्ट. नक्कल केली, एवढ्यावर समाधान मानू नका. ती अधूनमधून उघडून पाहा. न उघडणारी नक्कल काही कामाची नाही.

तिसरी गोष्ट. तुमच्या फोनवर किंवा संगणकावर ‘बीटा’ आवृत्ती घेण्याचे आमंत्रण येते. बीटा म्हणजे कच्ची आवृत्ती. नवी म्हणून ती मोहक वाटते. ती जरूर चालवून पाहा. पण ज्या यंत्रात घरची छायाचित्रे, वडिलांचा हिशेब किंवा बहिणीचा प्रकल्प आहे, त्या यंत्रावर नको. त्यासाठी वेगळे, रिकामे यंत्र हवे.

चौथी गोष्ट. फाइली बिघडू लागल्या असे वाटले, तर ताबडतोब थांबा. त्या डिस्कवर नवे काही लिहू नका. प्रत्येक नवी फाइल एखाद्या जुन्या फाइलच्या जागेवर बसू शकते. जाणकार माणसाला बोलवा आणि काय घडले, ते त्याला खरे खरे सांगा.

शेवटी पुन्हा आपल्या वहीकडे येऊ. कच्च्या कामाला कमी लेखू नका. कच्चे काम करणारे लोक नसते, तर आपल्याला पक्के काम मिळालेच नसते. पण कच्च्याला कच्चे म्हणण्याचा प्रामाणिकपणा हवा आणि त्याची जागा सांभाळण्याची दक्षता हवी. चूक कुणाच्याही हातून होते. ती झाली, की ‘वापरू नका’ अशी पाटी आपल्याच हाताने आपल्या कामावर लावणे, हे मोठ्या मनाचे लक्षण आहे.

शब्दार्थ

सुवाच्य – सहज वाचता येईल असे
खाडाखोड – लिहिलेले खोडून पुन्हा लिहिणे
हकीकत – घडलेली गोष्ट, वृत्तान्त
अनुक्रमणिका – कोणता मजकूर कुठे आहे ते सांगणारी यादी
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा क्रमवार संच
आवृत्ती – एखाद्या गोष्टीचे नव्याने तयार केलेले रूप
स्वयंसेवक – मोबदला न घेता काम करणारा
सदोष – दोष असलेला
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात का ते तपासणे
नक्कल – मूळ वस्तूसारखी दुसरी प्रत
दक्षता – सावधपणा
कमी लेखणे – कमी महत्त्वाचे समजणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) पुष्कळ संगणकांत एक ब्लॉक किती बाइटचा असतो?
(२) लिनक्स लिहिण्यास कोणी व कोणत्या साली सुरुवात केली?
(३) ५.१२ ची पहिली कच्ची आवृत्ती कोणत्या दिवशी बाहेर पडली?
(४) त्या आवृत्तीच्या नावाला कोणते शब्द जोडण्यात आले?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) फाइल सिस्टीम म्हणजे काय?
(२) कच्ची आवृत्ती लोकांना चालवून पाहायला का देतात?
(३) ज्यांचा स्वॅपचा विभाग वेगळा होता, त्यांचे नुकसान का झाले नाही?
(४) चूक दुरुस्त झाल्यावरही टोरवाल्ड्स यांनी सर्वांना सावध का केले?

प्रश्न ३. रिकाम्या जागा भरा.
(१) पूर्वीच्या पद्धतीत दुसरा आकडा विषम असेल, तर ती आवृत्ती ........ असे.
(२) मेमरी म्हणजे जणू अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे ........ .
(३) सोळा हजार बदलांतून दोषी बदल शोधायला सुमारे ........ वेळा तपासावे लागते.

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
कच्चा, सम, नुकसान, तात्पुरता, सदोष

प्रश्न ५. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
हकीकत, इशारा, दुरुस्त, नक्कल, हिशेब

उपक्रम
तुमच्या वर्गातील एका वहीची शेवटची पाने कच्च्या कामासाठी राखून ठेवा. ‘कच्च्या कामाचे पाचवे पान’ म्हणजे वहीचे कितवे पान, हे काढण्याचा नियम तयार करा आणि तो मित्रांना समजावून सांगा.